साडेचारशे वॉट

डहाणूत माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. रविवारी चिखल्याला घरी आईला बोंबील वाळत घालू लागत होतो, तेवढ्यात माझी लेक क्रांती आली. "पप्पा, नवीन ग्राफिक्स कार्ड आणलंय ना, ते माझ्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला झेपेल?"

"झेपेल गं. जेवलो की बसवून देतो," मी मान वर न करता म्हणालो.

हात धुतले आणि मोबाईल उघडला. कॉम्प्युटरवाल्यांच्या एका ग्रुपवर मी 'गुरुजी' या नावाने सल्ले देतो. घरात हे कुणाला माहीत नाही, पण तिथे मला फार मान आहे. कुणीतरी नाव न देता विचारलं होतं, "सप्लाय साडेचारशे वॉटचा, तोही जुना. आमचा रिपेअरवाला न बघताच सांगतो, नवीन कार्ड झेपेल. ऐकू का त्याचं?"

माझं डोकंच फिरलं. लिहिलं, "न बघता सांगणारा माणूस भोंदू! असल्यांमुळेच आमच्या धंद्याची बदनामी होते. कार्डाबरोबर कॉम्प्युटरही जाळेल तो. त्याला जवळसुद्धा फिरकू देऊ नका." भराभर लाइक पडले. त्या आनंदात दोन घास जास्तच जेवलो.

मग स्क्रूड्रायव्हर घेऊन आतल्या खोलीत गेलो. क्रांती कॉम्प्युटरच्या पुढे दोन्ही हात पसरून उभी होती.

"थांबा पप्पा. ग्रुपवर एक गुरुजी आहेत, त्यांना विचारलंय मी. त्यांना यातलं खरंच कळतं."