तेरा तास दहा मिनिटं

"अजून किती राहिलं हो?" विमानात शेजारच्या सीटवर बसलेल्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

मेकॅनिकने समोरच्या पडद्याकडे बघून सांगितलं, "एकूण अकरा हजार किलोमीटर. त्यातलं बाराशे झालं. तेरा तास दहा मिनिटांपैकी दीड तास गेला."

"म्हणजे बोलायला भरपूर वेळ आहे!" बाई सरसावून बसल्या.

त्या नुकत्याच निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. मुलगा परदेशात दातांचा डॉक्टर. त्याने परस्पर लग्न ठरवलं होतं आणि ते मोडायला बाई निघाल्या होत्या.

"मुलगी काय करते माहितेय? लिफ्ट दुरुस्त करते! बापही लिफ्टवालाच. आईविना वाढवलेली पोर, वळण ते काय लावलं असणार?"

मेकॅनिकने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. तिकडे लिफ्ट दुरुस्त करणारी, दातांच्या डॉक्टरशी लग्न ठरलेली ती मुलगी म्हणजे त्याचीच लेक. तिलाच भेटायला तो चालला होता.

"तुम्ही काय करता?" बाईंनी विचारलं.

वंगणाने काळी पडलेली नखं त्याने हळूच मुठीत लपवली. "लोकांना वर नेतो, खाली आणतो."

"अय्या, पायलट?"

"तसंच काहीसं," तो पुटपुटला.

पुढचे कित्येक तास त्याने जिवाचा आटापिटा केला. बाईंच्या सीटच्या पट्ट्याची अडकलेली कडी सोडवली. चष्म्याचा ढिला स्क्रू त्यांच्याच पिनेने पिळून दिला. त्यांचे पाय सुजले तेव्हा हाताला धरून मधल्या वाटेने फेऱ्या मारून आणलं. बाईंनी शाळेतले किस्से सांगितले, आणि दोघं इतकी हसली की पुढच्या रांगेतल्या माणसाने मान वळवून बघितलं.

मग भान विसरून तोही बोलू लागला. बायको गेल्यावर तो शेजारणीकडून वेणी घालायला शिकला होता. पहिली वेणी दोरखंडासारखी झाली, तरी पोरगी ती मिरवत शाळेत गेली होती. बाई गालाला हात लावून ऐकत होत्या.

फार दिवसांनी त्याला इतकं बरं वाटत होतं. आणि तेच आता बोचायला लागलं.

शेवटची चाळीस मिनिटं उरली तेव्हा तो बाईंकडे वळला.

"बाई, मी पायलट नाही. तो लिफ्टवाला बाप मीच. मला वाटेल ते बोला, पण पोरीला नाकारू नका. तिला वळण आहे हो."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "ही तुमच्या शेजारची जागा मला तुमच्या लेकीनेच काढून दिली, व्याहीबुवा. म्हणाली, 'नाही म्हणण्याआधी तेरा तास माझ्या बाबांशेजारी बसून बघा.'"