घुमटाचा दाखला

हातोडीचा तिसरा ठोका बसला तसे चिटणीस कळवळले. "हळू हो बाई! शंभरीची म्हातारी आहे ती."

"मला शिकवू नका," म्हणत इंजिनिअरबाईंनी चौथा ठोका मुद्दाम जोरात हाणला.

दगड खणखणला. शहराच्या ऐन मध्यावरच्या बंधुसभेच्या या इमारतीत एक कमान हलली नव्हती, एक खांब कलला नव्हता. मूळचा घुमट कोसळल्यावर हा नवा उभारला तो बाईंच्या वडिलांनी, बेचाळीस वर्षांपूर्वी. साधा गवंडी माणूस. काम झालं की सभासद करून घेऊ, असा सभेचा शब्द होता. काम झालं. मग मतदानाच्या पेटीत गोट्या पडल्या: साठ पांढऱ्या, एक काळी. सभेचा नियमच तसा, एका काळ्या गोटीने माणूस बाद. वडील पुन्हा त्या रस्त्याला फिरकले नाहीत. घरात घुमटाचा विषयही निघाला नाही.

"काळी गोटी कुणाची होती?" बाईंनी विचारलं.

"ते गुपित असतं. जुनी मढी कशाला उकरता?" चिटणीसांनी हात जोडले. "तुम्ही धोकादायक लिहिलंत की संपलं, पंधरा दिवसांत इथे मोकळं मैदान. वडिलांचा हात लागलाय हो तिला!"

"हात चालला तुम्हाला. माणूस नाही चालला."

बाई घुमटाखालीच टेबलाशी बसल्या. 'कमानी खचल्या आहेत. घुमट केव्हाही कोसळेल. इमारत धोकादायक.' अहवालात खोटं लिहिण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ, आणि अक्षर एरवीपेक्षा सुबक येत होतं. सही केली, शिक्का मारला.

"घ्या. आता बसा मैदानात गोट्या खेळत."

चिटणीसांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून आतल्या खिशात ठेवला आणि ते खुर्चीत ऐसपैस बसले.

"उद्या बिल्डरला बोलावतो. वीस वर्षं ताटकळलाय बिचारा. तुमच्या वडिलांनी मजुरी घेतलीच नव्हती, माहीत आहे ना? त्याऐवजी करारात अट घालून घेतली. इंजिनिअर धोकादायक म्हणत नाही तोवर इमारत पाडायची नाही, विकायची नाही. भारी विश्वास होता त्यांचा स्वतःच्या कामावर."

बाईंनी अहवाल परत घ्यायला हात पुढे केला.

"तुमच्याआधी नऊ इंजिनिअर आणले," चिटणीस म्हणाले. "नऊच्या नऊ प्रामाणिक निघाले."