अहोजाहो

"पिशवीच्या जागी अनोळखी वस्तू आहे. कृपया मदतीची वाट पाहा," यंत्र गोड आवाजात म्हणालं आणि त्याच्या डोक्यावरचा दिवा तांबडा झाला.

अनोळखी वस्तू म्हणजे आजींचा डावा तळहात. साबणाची एक वडी काचेवरून फिरवून त्यांनी पिशवीत टाकली होती. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून पिशवीशेजारी, वजनाच्या पत्र्यावर, हात अलगद टेकवला होता.

"आजी, जमत नाही तर कशाला नाद करता?" मागचा टायवाला करवादला. "माणसाच्या काउंटरवर जा ना."

"दाखवा की, कुठाय माणूस?" आजी म्हणाल्या. रांगेत दोघंतिघं हसले.

काउंटर गेल्या महिन्यात उपटले. तिथे आठ यंत्रं बसवली आणि त्यांच्या मधोमध एक बाई उभी केली, गळ्यात कार्ड अडकवून. यंत्र अडलं की जायचं, कार्ड टेकवायचं, सोडवायचं. त्या बाईच्या उजव्या भुवईत एक बारीक व्रण होता. तो पाळण्याच्या कडीचा, हे अख्ख्या दुकानात एकट्या आजींना ठाऊक होतं. पाळणा त्यांनीच हलवला होता.

काउंटर होते तेव्हा बरं होतं. गिऱ्हाइकाशी पाच वाक्यं बोलायचीच, असा दुकानाचा नियम. लोक वैतागायचे. अत्तरांपाशी एक मुलगी मागे लागायची, बिस्किटांपाशी दुसरी. दोनावर एक फुकट, घ्याच मॅडम, घ्याच. आजी मात्र त्या भुणभुणीच्याच भुकेल्या. हटकून लेकीच्या रांगेत उभ्या राहायच्या.

"नमस्कार. सवलतीचं कार्ड आहे का तुमच्याकडे? नाही? काढून देऊ का? आणखी काही हवंय तुम्हाला?" लेक पडद्याकडे बघत म्हणायची.

आजी दर खेपेला कार्ड नाकारायच्या. घेतलं असतं तर दोन वाक्यं कमी झाली असती. घरी फळीवर साबणाच्या वड्यांची चळत लागली होती. एकटीचं अंग ते केवढं, त्याला साबण लागतो किती!

ते 'तुम्ही' मात्र सलायचं. आईला कुणी अहोजाहो करतं? पण पेरलं होतं आजींनीच. चार वर्षांपूर्वी लेक नवऱ्याचं घर सोडून, बॅग घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा आत शेजारणी बसल्या होत्या. चारचौघींत शोभा नको म्हणून आजी हसून म्हणाल्या, "या, या! किती दिवस आहात?"

लेकीने मान खाली घातली. बॅग खाली ठेवलीच नाही.

आता ती यंत्रापाशी आली. कार्ड टेकवलं.

"हात काढा."

दोनच शब्द. आजींनी हात काढला. दिवा हिरवा झाला, लेक वळली. आजींनी हात पुन्हा टेकवला.

"पिशवीच्या जागी अनोळखी वस्तू आहे..."

"घ्या!" टायवाला म्हणाला. "यंत्राला सांभाळायला माणूस, मग यंत्र कशाला पोसलंय?"

काचेच्या केबिनमधून साहेब बाहेर आले. थेट लेकीपुढे उभे राहिले.

"पुन्हा तुमच्याकडेच? महिन्यात अठरा वेळा हेच यंत्र अडलंय. जमत नसेल तर तसं सांगा, बाहेर पन्नासजणी उभ्या आहेत."

सगळ्यांदेखत. लेकीची मान खाली गेली. आजींनी ती मान ओळखली.

"अहो साहेब, तिचं काही नाही हो, माझाच हात..."

"तुम्ही कशाला वाईट वाटून घेता, आजी? तुम्ही गिऱ्हाईक," साहेब तोंडभर हसले आणि आत गेले.

लेक जवळ आली. चार वर्षांत आली नव्हती इतकी जवळ. पत्र्यावरचा हात तिने स्वतःच उचलला. क्षणभर हातात धरला. मग पिशवीचे बंद त्याच्या बोटांत अडकवले आणि कानाशी वाकली.

"आई, तू परत येऊ नकोस इथे."

आई दुकानाबाहेर पडली. पिशवी तिने उराशी धरली होती. रस्ता ओलांडला, वळण आलं, जिना चढून झाला, तरी तिला लेकीच्या त्या वाक्यातले पहिले दोनच शब्द ऐकू येत होते. बाकीचे ऐकू आले ते घरात, साबणाची वडी फळीवर ठेवताना.