करकोच्याचे पाय

“ते चित्र खाली ठिव,” कारभारीनाना म्हणाला.

जयाच्या हातात माळढोकाचं चित्र होतं आणि समोर गवतात तिसरीतली अकरा पोरं बसली होती. नववीतल्या जयाची आज परीक्षाच होती. लहानांना माळावर नेऊन शिकवायचं प्रशिक्षण तिनं दोन महिने घेतलं होतं. आजचा तास जमला, तर दर शनिवारी हा वर्ग तिचा. जमतही होता. चंडोल झाला, टिटवी झाली. माळढोकापाशी मात्र सगळी काशी झाली, कारण माळ कारभारीनानाचा होता आणि नाना बांधावर उभा राहून ऐकत होता.

“काय खातं म्हनलीस हे पाखरू?”

“टोळ. किडे.”

“जमिनी खातं, जमिनी. त्ये शिकीव.”

“नाना, चित्रच आहे नुसतं,” प्रशिक्षण देणारे बेंजामिन सर मागून म्हणाले. “इकडं कित्येक वर्षांत दिसलेला नाही तो.”

“तुमी गप ऱ्हावा, सर. ह्याच्यापायी वीस वर्सं आमची जमीन अभयारण्यात अडकली. इकता येईना, हीर खांदता येईना. पोरीच्या लग्नाला एकरभर काढतो म्हनलं, तर गिऱ्हाईक सातबारा बघून माघारी जायचं. आत्ता कुठं सुटलीया.” नानानं काठी आपटली. “पुन्हा दिसला, तर दगड घालून हितंच पुरीन. जंगलखात्याच्या साहेबांच्या जीपा यायच्या आधी.”

नाना बोलेल ते करून दाखवणारा माणूस, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. सर बूट न्याहाळू लागले. जया चित्र पिशवीत सारत होती, तेवढ्यात पुढं बसलेल्या आराधनानं हात वर केला.

“ताई, मी बघितलाय की त्यो.”

सरांनी दोन महिने एकच गोष्ट घोकून घेतली होती: मुलाला चुकलास म्हणायचं नाही, काय पाहिलंस ते विचारायचं. जयानं विचारलं नाही. नानानं विचारलं.

“कवा?”

“काल. पाझर तलावाच्या पल्याड चालत चालला हुता. वहीत काढलाय मी.”

नानानं वही ओढून घेतली. जयानं वाकून बघितलं. उंच मान, पांढरी. डोक्यावर काळी टोपी. अंग मातकट, पाय पिवळे. कार्टीनं एक रेघ चुकवली नव्हती. इतक्या वर्षांनी पाखरू माळावर परत आलं होतं आणि त्याचा पत्ता नानाच्या हातात होता. सरांनीही चित्र बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला.

“करकोचा हाय त्यो,” जया म्हणाली. “तळ्यावर येतो. त्याची बी मान पांढरी असती, टोपी काळी असती.”

“करकोच्याचं पाय तांबडं असत्यात,” नाना म्हणाला. “मला शिकवू नगंस. हे पिवळं हायती.”

“तिच्याकडं तांबडा खडू नसंल.”

“हाय की,” आराधनानं पेटी उघडून दाखवली. “पन ताई, पाय पिवळंच हुतं. मी लई येळ बघत हुते.”

“चुकलीस तू.”

जयानं असं तोडून टाकलं की बाकीची पोरंही सरळ बसली. तिला स्वतःचा रागच आला. त्या रागातच तिनं नानाच्या हातातली वही घेतली आणि आराधनाच्या मांडीवर टाकली.

“नीट बघायचं न्हाई आन् कायबी काढायचं. काढ तांबडा खडू.”

आराधनाचे डोळे भरले. कुणी आपली बाजू घेतंय का, म्हणून तिनं सरांकडं बघितलं. सर चष्माच पुसत होते. मग मान खाली घालून ती पायांवर तांबडं गिरवू लागली. खालचा पिवळा काही केल्या झाकेना, पाय नारिंगी दिसत राहिले. नाना काठीवर हनुवटी टेकून बघत होता.

“आनखी दाबून,” जया म्हणाली.