चाळीस पोकळ विड्या

मोठ्यानं कादंबरी वाचण्यात महेजबीनचा फायदा होता: वाचेल तेवढा वेळ तिच्या वाटच्या विड्या अम्मी वळायची. कादंबरीतल्या शहरात प्रेमाला बंदी होती, आणि एक पोरगी दोस्ताचा हात धरून सरकारची भिंत चढत होती. सकाळी कारखान्यात चेकरनं अम्मीनं आणलेल्या विड्या दाबून पाहिल्या, तर चाळीस पोकळ निघाल्या. नुसतं पान वळलेलं, आत तंबाखूच नाही. “झीनतबी, लक्ष कुटं हाय? पोरगी गोष्टी वाचती म्हणं. बंद करा की ते.” “गोष्टीचं काय न्हाय, अण्णा. डोळे गेलेत माझे,” अम्मी म्हणाली. त्यानं चाळीसही मोडून टाकल्या. घरी येऊन अम्मीनं पानं-तंबाखूचं सूप मांडीवर ओढलं. “वाच. पकडलं का त्यांना?” “सुटले दोघं.” “बरं झालं. कुणीतरी सुटलं.” कादंबरीतली पोरगी सुटली, घरातलीही विड्या वळण्यातून सुटली, चाळीस विड्या मात्र अम्मीनं पुन्हा वळल्या, प्रत्येकीत तंबाखू चाचपून.