मागे बघायचं नसतं

हिरामणच्या नातीचं, तेजस्वीचं, बारसं झालं त्याच थंडीत तो बहिणीच्या अस्थी घेऊन हरिहरेश्वरच्या समुद्रात निघाला. होडी त्याची होती आणि मागच्या फळीला लावलेलं मशीनही त्याचंच, जुनं, दोरी ओढून चालू करायचं. पुढे बहिणीचा मुलगा दिपेश आणि त्याची बायको अमिषा बसली होती. हिरामणने पहाटे होडी दोनदा धुतली होती, तरी अमिषाने नाकावरची ओढणी काढली नव्हती.

अस्थी लाल फडक्यात बांधलेल्या होत्या आणि ते फडकं साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत कोंबलेलं होतं. सोसायटीवाले घरात ठेवू देत नाहीत, म्हणून पिशवी मुंबईत इतके दिवस गाडीच्या डिकीत होती, स्टेपनीशेजारी. हे दिपेशने आपण होऊनच सांगितलं.  हिरामण तोंड वळवून समुद्रात थुंकला.

बहिणीचं, सगुणाचं, मागणं एवढंच होतं, की आपल्याला गावच्या पाण्यात सोडावं. म्हणून हिरामणने निघतानाच भाच्याला समजावलं होतं. फडक्याची गाठ सोडायची, हाताने थोडं थोडं पाण्यात द्यायचं, पिशवी परत आणायची. आणि एकदा सोडलं की मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर जाणाऱ्याचा पाय अडकतो. दिपेशने मान हलवली होती.

खडकांच्या बाहेर आल्यावर हिरामणने मशीन हळू केलं. बंद केलं नाही. तापलेलं मशीन पुन्हा चालू व्हायला रुसतं आणि इथे पाणी खडकांकडे ओढतं. त्याने डोळे मिटून हात जोडले.

धप् असा आवाज झाला.

राखेचा असा आवाज होत नाही, हे त्याच्या मनात आलं. तेवढ्यात दिपेश म्हणाला, झालं, चला मामा, गाडी थांबवून ठेवलीये. तिघेही पुढे तोंड करून बसले. हिरामणने मशीन वाढवलं.

होडी थोडी गेली आणि मशीनचा दम तुटला. आवाज घोगरा झाला, वेग पडला. हिरामणने न वळता पायाजवळची टाकी चाचपली. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच होता. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून बघितला, तो घट्ट होता. नळी कुठे मुडपली नव्हती. जे जे पुढ्यात होतं ते सगळं ठीक होतं. मशीन मात्र खोकत बंद पडलं आणि होडी आडवी होऊन खडकांकडे सरकायला लागली.

"मामा, सर्व्हिसिंग वगैरे करता की नाही याची?" दिपेशने विचारलं. अमिषाने ओढणीतूनच, नेटवर्क नाहीये इथे, असं सांगितलं.

जळलेल्या रबराचा वास आला. आता फक्त मागचंच बघायचं राहिलं होतं. हिरामणने क्षणभर पुढच्या पाण्याकडे बघितलं आणि मग तो वळला.

मशीनच्या मागून पाण्याची जी धार पडत राहते, ती पडत नव्हती. म्हणजे मशीनला थंड करणारं पाणी आत जातच नव्हतं. त्याने मशीन उचलून आडवं केलं. होडी ढकलणाऱ्या पंख्याला साडीच्या दुकानाची पिशवी गुंडाळलेली होती, तिच्यात लाल फडकं पिळवटलेलं होतं, आणि पाणी ओढायच्या जाळीवर ओल्या राखेचा लगदा बसला होता.

 माशांची आतडी काढण्यात जन्म गेला होता, पण या लगद्याला त्याने लगेच हात लावला नाही.

"गाठ सोड म्हनलो होतो."

"हाताला लागलं असतं ना मामा," दिपेश म्हणाला. तो अजूनही पुढेच बघत होता. "आणि तुम्ही वळू नका. तुम्हीच म्हणालात, मागे बघायचं नसतं."

"तू नको बघू. तुला न्हाय जमायचं."

खडकांवर फुटणाऱ्या लाटेचा फेस होडीत यायला लागला. अमिषाने दिपेशचा दंड धरला. हिरामण पालथा पडून मागच्या फळीवर ओणवला. सुरीने प्लॅस्टिक कापलं, फडकं सोडवलं, पाण्यात धरून उलगडलं. राख पांढुरक्या ढगासारखी पसरली आणि निघून गेली. जाळीच्या फटीत हाडाचा एक कण अडकला होता. तो त्याने सुरीने काढला नाही. नखाने काढला, तळहातावर घेतला आणि हात पाण्यात बुडवून सोडला.

मग मशीन खाली केलं आणि दोरी ओढली. ओढत राहिला. खडक वल्हं टेकवता येईल इतका जवळ आला तेव्हा मशीनने आवाज दिला. होडी खडकापासून सुटली.

मोकळ्या पाण्यात आल्यावर हिरामणने पिशवीच्या चिंध्या गोळा करून दिपेशच्या मांडीवर ठेवल्या. दिपेश झटकन मागे सरकला आणि पँट झटकायला लागला.

"तुझीच हाय," हिरामण म्हणाला. "घरी ने."

 किनाऱ्यापर्यंत हिरामण अर्धा मागे वळूनच बसला होता. एक हात दांड्यावर, दुसरा मशीनच्या धारेखाली. धार आधी राखाडी आली. ती पांढरी स्वच्छ होईपर्यंत त्याने हात काढला नाही.

हिरामणच्या लेखी सगुणा त्या दिवशीच गेली, पौषातल्या अमावास्येला, दिवस मावळताना.