लाइन गेली हाय

जठारपेठेतल्या वायरमनच्या अंगणात बायकोची तिरडी बांधून झाली, तेवढ्यात शिडाच्या बोटीवर कामाला असलेल्या मुलाचा भर समुद्रातून सॅटेलाइट फोन आला. “बाबा, बोटीचे सगळे लाइट गेले. आता अंधारात एखादं जहाज अंगावर येईल.” बापाने हात वर केला आणि रडणाऱ्या बायांनी पदर तोंडात कोंबले. किनाऱ्याला लागेपर्यंत त्याला काही सांगायचं नव्हतं. “मेन बंद कर. बॅटरीचं निगेटिव्ह पाह्य.” “हिरवं पडलं.” “ब्लेडनं खरवड, मंग गच्च आवळ.” खरवडताना पोरगा म्हणाला, “घरी एवढं शांत कावून?” “लाइन गेली हाय.” “वायरमनच्याच घरी?” तो हसला. बापानेही हसून घेतलं. “लागले, बाबा! आईले सांगा, नाही तं काळजी करन.” बाप खाली बसला, बायकोच्या थंड कानाशी वाकला. “लागले वं लाइट त्याचे.” त्याने फोन ठेवला. बायांनी तोंडातले पदर काढले.